‘ना-हरकत’ आणि हरकत

सप्टेंबर २०२२ मधल्या एका रविवारी सकाळी अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात धूर भरला आणि बालकांना तातडीने बाहेर काढून इतरत्र हलवावे लागले. अमरावतीकर या रुग्णालयाला आजही ‘डफरीन’ म्हणतात, जसे ते जिल्हा सामान्य रुग्णालयाला ‘इर्विन’ म्हणतात आणि अकोलेकर आपल्या स्त्री रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात. व्हाइसरॉय गेले, त्यांच्या पत्नी गेल्या, कागदावरची नावे बदलली. लोकांच्या तोंडची नावे मात्र बदलली नाहीत. कागद एक भाषा बोलतो आणि त्याच इमारतीत वावरणारी माणसे दुसरी बोलतात, हे आम्हां वऱ्हाडातल्या लोकांना नवे नाही. परंतु त्या रविवारची बातमी ऐकताना आम्हांला भंडारा आठवले, आणि या दोन भाषांमधले अंतर केवळ गमतीचा विषय राहिले नाही.

साहित्याची चर्चा करणाऱ्या या पानावर रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेचे काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो रास्तही आहे. आम्ही ना अभियंते, ना अग्निशमन अधिकारी. तथापि शब्द, त्यांचे अर्थ आणि वाक्यांची रचना तपासणे हे आमचे रोजचे काम आहे. आणि रुग्णालयातील आगींचा गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की कमतरता केवळ यंत्रांची नव्हती. जे लिहिले गेले होते ते कोणी वाचले नव्हते, आणि ज्यांना कळायला हवे होते त्यांना ते सांगितले गेले नव्हते. हा प्रश्न वाचनाचा आणि संवादाचा आहे. म्हणून त्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

आधी घटना पाहू. नोव्हेंबर २०२० मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका कोविड रुग्णालयात आग लागून रुग्ण दगावले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १८ डिसेंबर २०२० रोजी कोविड रुग्णालयांबाबत आदेश दिला: प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमून दरमहा अग्निसुरक्षेची तपासणी करावी, प्रत्येक रुग्णालयात जबाबदार अधिकारी नेमावा, ज्यांच्याकडे ना-हरकत प्रमाणपत्र नाही त्यांनी ते घ्यावे. त्यानंतर बरोबर बावीस दिवसांनी, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी, भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालक कक्षात आग लागली. सतरा बालके होती. दहा गेली, सात वाचली. तो कक्ष कोविडचा नव्हता, हे खरे. पण आग आदेशाची व्याप्ती वाचून लागत नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत भांडुपला एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरील रुग्णालयात, एप्रिलमध्ये नागपुरात, विरारमध्ये आणि मुंब्र्यात, आणि ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली. विरारला त्या पहाटे अतिदक्षता विभागातले तेरा रुग्ण गेले, नगरला अकरा. प्रत्येक वेळी चौकशी समिती नेमली गेली, प्रत्येक वेळी राज्यातल्या सर्व रुग्णालयांच्या तपासणीची घोषणा झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा नवजात कक्षच जळाला आणि पहिल्याच रात्री दहा बालके गेली. भंडाऱ्याचा आकडा तसाच्या तसा परत आला.

लिहिण्यात आपण कमी पडलो, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे, आणि तो चांगला कायदा आहे. त्याच्या नावात आग हा शब्द आहे तसाच जीव हाही आहे. इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर तो जबाबदारी टाकतो. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून घ्यावी, आणि ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे असे सांगतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग संपूर्णपणे आग व जीवसुरक्षेला वाहिलेला आहे, आणि जिथे माणसे स्वतः उठून पळू शकत नाहीत अशा इमारतींचा विचार त्यात वेगळा केलेला आहे. म्हणजे शास्त्र आहे, कायदा आहे, नमुने आहेत. मग अडते कुठे?

आमच्या मते ते पहिल्यांदा वाक्यात अडते. अग्निसुरक्षेसंबंधीचा कोणताही शासकीय अहवाल उघडून पाहावा. ‘उपाययोजना करण्यात आल्या आहेत.’ ‘त्रुटींची पूर्तता करण्यात येत आहे.’ ‘संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत.’ आपण वर्गात प्रयोग शिकवतो, कर्तरी, कर्मणी आणि भावे. तेव्हा विद्यार्थी विचारतात की याचा उपयोग काय. उपयोग हा आहे. वरच्या तिन्ही वाक्यांत कर्ता नाही. कोणी केल्या? कोण पूर्तता करीत आहे? संबंधित कोण? कर्ता नाहीसा करण्याची सोय मराठीच्या व्याकरणात आहे, तशी ती अनेक भाषांत आहे. पण प्रशासनाने त्या सोयीचे घर बांधले आणि जबाबदारी तिथे राहायला नेली. आग लागल्यानंतर मात्र वाक्याला अचानक कर्ता मिळतो, आणि त्याचे नाव असते शॉर्ट सर्किट. ‘शॉर्ट सर्किटने दहा बालकांचा बळी घेतला’ हे वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे. तारेने माणूस मारला. ज्याने ती तार तपासायची होती, ज्याने त्या तारेवर दुप्पट भार टाकायला मुभा दिली, ज्याने बदलण्याचा प्रस्ताव अडवून ठेवला, त्यांतला कोणीच वाक्यात आला नाही.

सरकारी रुग्णालयात हा कर्ता शोधणे अवघडही आहे, हे मान्य केले पाहिजे. इमारत आणि तिची विजेची कामे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. वापर आरोग्य विभागाचा. अग्निशमन दल महानगरपालिकेचे किंवा नगरपालिकेचे. पैसा मंजूर होणार तिसरीकडे. जिल्हा शल्यचिकित्सक पत्र लिहितो, पत्र पुढे जाते, पुढून शेरा येतो, शेऱ्याला उत्तर जाते. प्रत्येकाच्या धारिकेत आपण आपले काम केल्याचा पुरावा असतो. भंडाऱ्याच्या घटनेनंतरही अग्निसुरक्षेचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर असल्याच्या बातम्या आल्या होत्या. कोणी खोटे बोलत असेल असेही नाही. सगळे खरे बोलत असतात आणि तरीही कक्षात धूर ओढून बाहेर टाकणारी सोय नसते.

आता ज्या कागदावर हे सगळे येऊन थांबते त्याच्या नावाकडे पाहू: ना-हरकत प्रमाणपत्र. ‘हरकत’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ हालचाल, गती. उर्दूत तो अर्थ अजून जिवंत आहे. आपल्या गायनातही एखादी चपळ हरकत घेतली जाते तेव्हा तोच अर्थ डोकावतो. मराठीच्या कारभारी वापरात मात्र हरकत म्हणजे आक्षेप, अडथळा. तेव्हा ना-हरकत म्हणजे ‘आमचा आक्षेप नाही’. थोडा विचार केला तर ध्यानात येते की सुरक्षिततेचे प्रमाणपत्र अशा नावाचे असणे विचित्र आहे. इमारत सुरक्षित आहे असे ते म्हणत नाही. तिला सुरक्षित कोणी ठेवायचे, हेही सांगत नाही. आमची हरकत नाही, एवढेच म्हणते. बोलीत आपण ‘हरकत नाही’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘चालेल’ असा असतो. जिन्यात जुने पलंग ठेवले आहेत, हरकत नाही. एका फलकावर तीन वातानुकूलन यंत्रे चढवली आहेत, हरकत नाही. मागच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे ते सापडत नाही. तूर्त हरकत नाही.

आणि शब्दाच्या दोन्ही अर्थांनी पाहिले तर रुग्णालयाला हरकतच हवी असते. आक्षेप घेणारा माणूस हवा, आणि हालचाल हवी. हे दुसरे थोडे स्पष्ट करतो. रुग्णालयातील आगीत माणसे बहुधा जळून मरत नाहीत, धुराने गुदमरून मरतात. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघरात आग लागली. वरच्या मजल्यांवर झोपलेले सुमारे नव्वद जण गेले ते प्रामुख्याने धुरामुळे. काचबंद, थंड इमारतीत धुराला बाहेर पडायला वाट नव्हती. चित्रपटगृहातला प्रेक्षक दार दिसले की धावतो. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण धावत नाही, आणि दीड किलो वजनाचे बालक तर कूसही बदलत नाही. त्यांना कोणीतरी हलवावे लागते. म्हणून शास्त्र असे सांगते की अशा रुग्णांना आधी जिन्याने खाली न्यायचे नसते. त्याच मजल्यावरच्या, धूर रोखणाऱ्या दरवाजापलीकडच्या शेजारच्या कक्षात न्यायचे असते. त्यासाठी तो दरवाजा असावा लागतो, तो पाचर ठोकून कायम उघडा ठेवलेला नसावा लागतो, पलंग जाईल इतका रस्ता मोकळा असावा लागतो, ऑक्सिजनची वाहिनी कुठे बंद करायची ते हजर असलेल्याला ठाऊक असावे लागते. रात्रपाळीच्या एका परिचारिकेला एका खेपेत किती बालके उचलता येतील, हा प्रश्न मात्र आम्ही पाहिलेल्या कोणत्याही नमुन्यात आढळला नाही. सगळा प्रश्न तर तोच आहे.

वऱ्हाडात या प्रश्नाला ऊन आणखी धार लावते. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेपायी जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता, इतके आमचे उन्हाळे कडक झाले आहेत. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की वॉर्डात कूलर, पंखे, वातानुकूलन यंत्रे रात्रंदिवस चालतात. ही चैन नव्हे, ती नसतील तर रुग्ण उष्माघाताने जातील. पण ज्या काळात या तारा ओढल्या गेल्या त्या काळात एवढा भार कोणी कल्पिला नव्हता. नवजात कक्षात तर ऊब देणारी यंत्रे, काविळीचे दिवे, पंप, मॉनिटर बारा महिने चोवीस तास सुरू असतात, आणि हवेत ऑक्सिजन जास्त असतो. ज्या यंत्रांनी बालक जगवायचे त्यांचाच भार आगीचे कारण होऊ शकतो. म्हणून त्यांची तपासणी इतर कक्षांपेक्षा अधिक वेळा व्हायला हवी, आणि एक्स्टेन्शन बोर्डाला एक्स्टेन्शन बोर्ड जोडणे हा तिथे गुन्हाच मानला गेला पाहिजे.

आणि या इमारतींत येते कोण? दर्यापूर-अंजनगावची, बार्शीटाकळी-पातूरची शेतकरी माणसे. धारणी-चिखलदऱ्याहून रुग्णवाहिकेतून आलेली कोरकू बाळंतीण आणि तिची आई. मागे एकदा एका रुग्णालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) एका नातलगाच्या उशाशी आम्हांला काही रात्री काढाव्या लागल्या. भिंतीवर बाहेर पडण्याचा मार्ग दाखवणारी हिरवी पाटी होती; ती इंग्रजीत होती. बाणाच्या दिशेने गेलो तर कुलूप. पहारेकऱ्याने सांगितले, ‘नातेवाईक मागून घुसतात जी, म्हून लावून ठेवतो. किल्ली दिवसपाळीवाल्यापाशी रायते.’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गर्दीचा त्रास खरा आहे, बालकांच्या चोरीचे भय खरे आहे. त्यावर उपाय नाही असेही नाही: बाहेरून बंद आणि आतून दांडा ढकलला की उघडणारी दारे मिळतात. पण त्या पहारेकऱ्याला कोणी कधी विचारलेच नव्हते. अग्निशामक नळकांडे जवळच टांगलेले होते आणि त्यावरची तपासणीची चिठ्ठी चालू तारखेची होती. कागदाच्या दृष्टीने सर्व काही ठीक होते.

तपासणीला आपण हल्ली सर्रास ‘ऑडिट’ म्हणतो. या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये ऐकण्याच्या धातूत आहे. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तपासणारा ऐकत असे, म्हणून ते नाव. आज आपले ऑडिट काही ऐकत नाही. ते फक्त पाहते, आणि पाहते तेही कागद. ऐकून तपासण्याची परंपरा मात्र आमच्या याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या. परंपरा सांगते की ज्यांनी पाहिले होते, ऐकले होते, त्यांच्याकडे ते स्वतः गेले, विचारले, नागदेवाचार्यांकडे ताडून पाहिले. आणि जिथे दोघांच्या सांगण्यात फरक पडला तिथे तो फरकही नोंदवला गेला. मराठी गद्याचा पाया साक्षीदाराला विचारण्यावर रचला गेला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. आणि गाडगेबाबा? त्यांचे कीर्तन म्हणजे तर प्रश्नांची मालिकाच. समोरच्या शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे. शहरात उपचारासाठी आलेल्या गरीब रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधणारे ते गृहस्थ होते. रुग्णालयाच्या दारात बसणारा माणूस त्यांनी पाहिला होता.

आमचे म्हणणे इतकेच की रुग्णालयाची तपासणी म्हाइंभटांच्या रीतीने व्हावी. रात्री दोन वाजता जावे आणि परिचारिकेला, आयाबाईंना, पहारेकऱ्याला विचारावे: बाई, आता इथे धूर दिसला तर तुम्ही पहिले काय कराल? किल्ली कुठे आहे? ऑक्सिजन कुठून बंद होतो? हे बालक कोणत्या दारातून न्याल? मिळालेली उत्तरे, सांगणाऱ्याचा हुद्दा आणि उत्तरांतला फरक यांसह, अहवालात जशीच्या तशी लिहावीत. ‘सूचना देण्यात आल्या आहेत’ या वाक्याला अहवालात जागाच असू नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मनुष्यबळ नाही आणि पैसा नाही, तेव्हा शब्दांचा कीस काढून काय होणार? हे अर्धे खरे आहे. तारा बदलायला, धूर ओढणारी यंत्रे बसवायला पैसाच लागतो आणि तो मागत राहिलेच पाहिजे. पण कुलूप काढायला, जिना मोकळा ठेवायला, महिन्यातून एकदा रात्रपाळीसह सराव करायला मंजुरीची धारिका लागत नाही. दुसरा आक्षेप असा की कागदाला नावे ठेवून आपण उरलासुरला धाकही घालवू. तसे नाही. आम्हांला कागद नको आहे असे नाही. आम्हांला वाचता येण्याजोगा कागद हवा आहे. दर जानेवारीत आणि जुलैत दिले जाणारे ते प्रमाणपत्र धारिकेत न ठेवता रुग्णालयाच्या प्रवेशद्वारी लावावे, मराठीत, मोठ्या अक्षरांत, सही करणाऱ्याच्या नावासह आणि कर्तरी प्रयोगात: ‘मी अमुक तारखेला ही यंत्रणा चालवून पाहिली.’ ज्याला असे वाक्य लिहून खाली सही करायची आहे तो दोन वेळा विचार करील. त्या विचाराची आज गरज आहे.

साहित्याच्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना इथे प्रत्यक्ष कामही आहे. आग लागल्यावर कर्मचाऱ्याने काय करायचे ते जगभर चार क्रियापदांत शिकवतात. मराठीत ती अशी होतील: रुग्णाला काढा, ओरडून सांगा, दार लावा, मग विझवा. क्रम महत्त्वाचा, विझवणे शेवटी. दार लावणे अनेकांना सुचत नाही, पण धूर अडतो तो त्यानेच. हीच चार वाक्ये वऱ्हाडीत कशी म्हणाल? कोरकूत कशी? अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांत मेळघाटातून आलेली मुले शिकतात. त्यांच्याइतके अचूक भाषांतर दुसरे कोण करील? बोलीभाषांच्या चर्चासत्रांत आपण जेवढे निबंध वाचतो त्यांतल्या एकाच्या बदल्यात एका वॉर्डाच्या भिंतीवर चार ओळींची पाटी लागली, तरी बोलीचे काम झाले असे आम्ही समजू. मग एखादी बाळंतिणीची आई ती वाचील, किंवा दुसरी तिला वाचून दाखवील, आणि दाराला कुलूप दिसले तर म्हणेल, ‘हे काऊन लावलं?’

ती तिची हरकत असेल. तिला उत्तर देणे प्रत्येक रुग्णालयाला भाग पडावे, एवढीच आमची मागणी आहे.